लागेल तेव्हा आणू

सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी बोगद्यात, तोंडापासून नऊशे मीटर आत, विजेची जाड केबल पेटली. तीन मिनिटांनी त्याच जागी छताचा एक भाग खाली आला. आत एकोणीस माणसं होती. सोळा जण धूर भरायच्या आत बाहेर पळाले. उरलेले तिघे ढिगाच्या पलीकडे अडकले आणि नियमाप्रमाणे आसऱ्याच्या खोलीत शिरले. खोली म्हणजे मालगाडीच्या अर्ध्या डब्याएवढी लोखंडी पेटी. जाड दार, दोन बाकं, भिंतीवर तारेचा फोन, तिघांना चार तास पुरतील एवढे ऑक्सिजनचे सिलिंडर आणि बाहेरून येणारी हवेची एक नळी.

बारा वाजून अठरा मिनिटांनी, तासाभराच्या अंतरावरच्या एका ऑफिसात, चौथ्या मजल्यावर, ठमीचा मोबाइल वाजला.

"मॅडम, बोगद्यावरनं सुरक्षा अधिकारी बोलतोय. टॅबलेटवरचं गॅसचं पान तुम्ही केलंय ना?"

"हो."

"ते उघडत नाहीये."

"काय दिसतंय?"

"गोल फिरतंय नुसतं. तेरा मिनिटं झाली."

ठमीला लगेच कळलं. जे पान टॅबलेटमध्ये असतं ते एक तर उघडतं, नाही तर चूक दाखवतं. गोल फिरतं ते फक्त बाहेरून मागवलेलं पान, वाटेत असलेलं. आणि बोगद्यात नेट नाही, तेव्हा ते वाटेत कधी येणारच नव्हतं.

"आत कोण आहे?"

"फोरमन, ड्रिलवाली आणि दिवेघरचे मामा."

"मामा आत कशाला गेले?"

"आज सोमवार. आसऱ्याच्या खोलीतला टॅबलेट बदलायचा असतो. दर सोमवारी तेच जातात."

दिवेघर म्हणजे बोगद्याच्या तोंडाशी असलेली खोली. आत जाणाऱ्याला तिथल्या खिडकीतून हेल्मेटचा दिवा, नंबराचा बिल्ला आणि टॅबलेट मिळतो. मामा एकोणीस वर्षं त्या खिडकीमागे बसत होते, आणि आख्खा बोगदा त्यांना मामा म्हणायचा. ठमीचे मात्र ते खरोखरचे मामा. वडील गेले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. मामा एक ट्रंक आणि एक टेबलफॅन घेऊन बहिणीकडे आधाराला म्हणून आले ते तिथलेच झाले. गणित त्यांनी शिकवलं, सायकल त्यांनी शिकवली. वर्गात सगळ्यांत बुटकी म्हणून ठमी हे नावही त्यांनीच ठेवलं. आज सकाळी सहाला त्यांनी तिच्या दारावर टकटक करून विचारलं होतं, "ठमे, माझा चष्मा पाहिलास का?" आणि ती झोपेतच म्हणाली होती, "डोक्यावर."

"मॅडम, ऐका," सुरक्षा अधिकारी म्हणाला. "हवेची नळी जिथे जळतंय तिथूनच जाते. तिथे रबराचे दोन जोड आहेत. रबर आतून करपलं असेल तर नळीतून विषारी गॅस खोलीत जाणार. त्याला वास नाही, रंग नाही. मला बाहेर बसून ते कळायचं नाही, ते फक्त त्यांच्या टोकाला कळतं. हवा चांगली असेल तर नळी चालू ठेवायची. वाईट असेल तर नळी बंद करून सिलिंडर उघडायचे. सिलिंडर चार तास. आम्हाला खोदून पोचायला नऊ तास, तेही सगळं सुरळीत गेलं तर. आता नळी बंद करा म्हणू की चालू ठेवा म्हणू? मला आकडा पाहिजे."

हवेच्या दहा लाख भागांत तो गॅस किती, हा आकडा देणारा डबा खोलीत होता, चालूही होता. पण त्याला स्वतःचा पडदा नव्हता. जुन्या डब्यांना होता. टॅबलेट आले तेव्हा कोणीतरी विचारलं, दोन-दोन पडदे कशाला, आणि बिनपडद्याचे डबे आले. डबा वायरने टॅबलेटला जोडायचा आणि आकडा गॅसच्या पानावर वाचायचा.

"पाच मिनिटं द्या," ठमी म्हणाली.

"पाचच," तो म्हणाला.

तिच्या शेजारच्या टेबलावर काकू बसायच्या. बावन्न वर्षांच्या, ऑफिसात सगळ्यांत जुन्या, गळ्यात दोन चष्मे अडकवलेल्या. त्यांनी अर्धंच बोलणं ऐकलं होतं, पण खुर्ची सरकवून त्या ठमीच्या पडद्यासमोर आल्या होत्या.

"ती ओळ काढ," काकू म्हणाल्या.

ओळ काढायची गरज नव्हती. दोघींनाही ती पाठ होती. कुठलाही मोठा प्रोग्रॅम एका फायलीत मावत नाही. त्याचे तुकडे असतात. ते तुकडे मागवायच्या दोन रीती. एक, सुरुवातीलाच, फायलीच्या डोक्यावर, सगळ्यांची नावं लिहून टाकायची. मग प्रोग्रॅम टॅबलेटवर चढतो तेव्हाच सगळे तुकडे सोबत येतात. दुसरी, मधेच, ज्या क्षणी तुकड्याचं काम पडेल त्या क्षणी त्याला हाक मारायची. दुसऱ्या रीतीने प्रोग्रॅम चटकन उघडतो, कारण सुरुवातीला ओझं कमी.

ठमीने आधी पहिल्याच रीतीने लिहिलं होतं. पण ऑफिसच्या साहेबांचा नियम होता की पहिलं पान दोन सेकंदांत उघडलंच पाहिजे. त्यापायी सगळे त्यांना पाठीमागे दोन-सेकंद म्हणायचे. ठमीचं पान साडेतीन सेकंद घ्यायचं. गॅसचा तुकडा सगळ्यांत जड होता आणि रोज लागत नव्हता, म्हणून तिने तो मुख्य प्रोग्रॅममधून काढून लागेल तेव्हा मागवायचं ठरवलं. वेळ आली एक पूर्णांक आठ. तपासणीच्या वेळी काकूंनी शेरा मारला होता, "खाली नेट नाही. तहान लागल्यावर विहीर खणणार का? सगळं वरच मागवा." ठमीने त्याखाली लिहिलं होतं, "एकदा नेटवर उघडलं की तुकडा टॅबलेटमध्ये साठून राहतो." साहेबांनी खाली होकाराची खूण केली होती.

"साठलेला असेल," काकू आता स्वतःच म्हणाल्या. "कोणीतरी एकदा तरी दिवेघरात उघडलंच असेल की."

"शुक्रवारी आपण नवी आवृत्ती चढवली. जुने साठे पुसले गेले. शुक्रवारनंतर उघडलं असेल तरच."

"मग विचार त्यांना."

सुरक्षा अधिकाऱ्याने तारेच्या फोनचा रिसीव्हर मोबाइलला लावून धरला. खरखर झाली, आणि मग आवाज आला.

"ठमे?"

"मामा. कसे आहात?"

"मजेत. खोली हवेशीर आहे, शेजार चांगला आहे. तुझं पान तेवढं रुसलंय."

मागून एका बाईमाणसाचा आवाज आला, "पान नाही हो, जावई आहे तो! मानपान झाल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही!"

"ही ड्रिलवाली," मामा म्हणाले. "हिला डोकं दुखायला लागलंय, पण तोंड ठीक आहे. फोरमनचा पाय मुरगळलाय. मी आपला आहे तसाच."

"मामा, नीट आठवून सांगा. हा टॅबलेट दिवेघरात होता, नेट होतं, तेव्हा तुम्ही गॅसचं पान एकदा तरी उघडलं होतं का? शुक्रवारनंतर?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"अगं, पूर्वी रोज उघडायचो. चौतीसच्या चौतीस. सकाळी वाटायच्या आधी प्रत्येकावर गॅसचं पान उघडायचं, चित्र आलं की मिटायचं. सुरुवातीला एकदा आत असताना हे गोल फिरताना पाहिलं होतं मी. म्हटलं, बाहेरूनच तोंड दाखवून आणावं त्याला. पण मग तुझी चिठ्ठी आली."

"माझी?"

"ऑफिसची. खाली तुझं नाव. म्हटलं, पोरीने सांगितलंय म्हणजे काहीतरी कारण असणार. घरी विचारणार होतो, राहून गेलं."

ठमीला ती नोटीस आठवली.

पाच आठवड्यांपूर्वीची गोष्ट. ऑफिसात रोजच्या चुकांची नोंद येते, आणि त्या नोंदीत दररोज सकाळी साडेसहा ते सातच्या मधे चौतीस चुका दिसायच्या. गॅसचं पान उघडलं, डबा जोडलेला नाही, पान मिटलं. प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंद. चौतीस टॅबलेट, चौतीस चुका, रविवार सोडून रोज. खऱ्या चुका त्या ढिगाऱ्यात हरवायच्या. साहेब बैठकीत विचारायचे, "हा सकाळचा पाऊस कसला?" ठमीने छडा लावला. दिवेघरातून कोणीतरी उगाच पानं उघडतंय, एवढंच तिला दिसलं. का उघडतंय, हे विचारायला तिला फोनसुद्धा लागला नसता. संध्याकाळी घरी स्वयंपाकघरात विचारता आलं असतं. तिने नोटीस लिहिली: गॅसचं पान कामाशिवाय उघडू नये, नोंदी बिघडतात. दुसऱ्या दिवसापासून चौतीस चुका बंद झाल्या. साहेबांनी तिचं कौतुक केलं होतं.

"मामा, ते मी..."

"ठमे, ते नंतर. आता काय करायचं ते सांग."

बारा वाजून एकतीस मिनिटं झाली होती.

काकूंनी कागद पुढे ओढला. डब्याशी वायरने बोलणारा भाग मुख्य प्रोग्रॅममध्येच होता, म्हणजे टॅबलेटवर होता. नव्हता तो फक्त डब्याचं बोलणं समजून आकडा काढणारा तुकडा. डबा प्रत्येक वेळी नऊ संख्या पाठवतो. त्या नऊ संख्या जशाच्या तशा पडद्यावर आणता आल्या, तर उरलेलं गणित ठमी कागदावर करू शकत होती. आणि मुख्य प्रोग्रॅममध्ये तंत्रज्ञांसाठी एक पान होतं. त्यात एक रिकामी चौकट, तिच्यात ओळी टाइप करायच्या, खाली 'चालव' असं बटण.

"चार ओळींत होईल," काकू म्हणाल्या.

"त्या चार ओळी मामा टाइप करणार?"

"दुसरं कोण आहे?"

फोनची तार आखूड होती आणि डब्याची वायर खोलीच्या दुसऱ्या टोकाला. त्यामुळे मामा फोनपाशी उभे राहून मोठ्याने सांगणार आणि ड्रिलवाली टॅबलेटवर टाइप करणार, असं ठरलं.

"पहिली ओळ," ठमी म्हणाली. "सगळी अक्षरं लहान. सी, ओ, एन, एस, टी."

"सी, ओ, एन, एस, टी," मामा ओरडले.

"झालं," लांबून ड्रिलवाली.

"आता मोकळी जागा. मग डी. मग बरोबरची खूण. मग पी, ओ, आर, टी. मग टिंब."

"टिंब कुठे?"

"खाली. ओळीच्या तळाशी. पूर्णविराम. मग आर, ई, ए, डी. मग कंस."

"कसला कंस? हिच्याकडे तीन जातीचे कंस निघालेत."

"गोल. गोल कंस उघडा आणि लगेच मिटा."

"मधे काही नाही?"

"मधे काही नाही."

"काही घालायचं नाही तर उघडायचा कशाला?" ड्रिलवालीने विचारलं. मामा हसले, मग खोकले. खोकला बराच वेळ चालला.

एक वाजून चार मिनिटांनी आईचा फोन आला. ठमीने तो कापला. परत आला. तिसऱ्यांदा तिने उचलला, कारण आई तिसऱ्यांदा फोन करते म्हणजे चौथ्यांदा ती शेजारच्यांना उठवते.

"टीव्हीवर दाखवतायत बोगदा. तुझा मामा फोन उचलत नाही."

"तो कामात आहे, आई."

"तुझं बोलणं झालं?"

"झालं. आत्ताच झालं."

"मग ठीक आहे ना?"

"आई, मी करते फोन." तिने कापला. तिने एकही शब्द खोटा सांगितला नव्हता.

एक वाजून एकोणीस मिनिटांनी चारही ओळी टाइप झाल्या. ठमीने त्या मामांकडून एकेक अक्षर परत म्हणवून घेतल्या.

"चालव दाबा."

खरखर. मग मामांचा आवाज. "लाल अक्षरं आलीत, ठमे. खूप आलीत."

"वाचून दाखवा."

ड्रिलवालीने अक्षरं सांगितली, मामांनी ती पुढे दिली, ठमीने लिहून घेतली. पाच शब्द कागदावर उतरले तेव्हा काकूंनी पेन्सिलीने पहिल्या ओळीवर टकटक केलं. डब्याने उत्तर द्यायच्या आधीच प्रोग्रॅम पुढे पळत होता. उत्तर येईपर्यंत थांब, असं सांगणारा शब्द ठमीने दिलाच नव्हता. रोज दहादा लिहायचा शब्द. चूक ड्रिलवालीची नव्हती, मामांची नव्हती.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "एक शब्द राहिला. बरोबरच्या खुणेनंतर. ए, डब्ल्यू, ए, आय, टी. आणि मोकळी जागा."

"मोकळी जागा आधी की नंतर?"

"नंतर. मामा, डोकं दुखतंय का तुमचं?"

"तू विचारल्यावर दुखायला लागलं."

मधे घुसून शब्द टाकताना ड्रिलवालीच्या बोटाने शेजारची दोन अक्षरं खाल्ली. ती शोधण्यात आणखी अकरा मिनिटं गेली. सुरक्षा अधिकारी दोनदा म्हणाला, "मॅडम, मी आता अंदाजाने नळी बंद करायला सांगतो." दोन्ही वेळा ठमीने "दोन मिनिटं" म्हटलं, आणि दोन्ही वेळा तिला ठाऊक होतं की दोन मिनिटांत होणार नाही.

एक वाजून बेचाळीस मिनिटांनी मामा म्हणाले, "आकडे आले. लाल नाहीत, काळे आहेत."

"सांगा."

"दोनशे पंचावन्न. चार. शून्य. चौऱ्याण्णव..."

पुढचे तिने लिहून घेतले, पण तोवर उत्तर मिळालं होतं. तिसरी संख्या गुणिले दोनशे छप्पन्न, अधिक चौथी. चौऱ्याण्णव. काकूंनी स्वतंत्र कागदावर तेच गणित केलं आणि कागद शेजारी ठेवला. जुळलं.

"चौऱ्याण्णव," ठमी सुरक्षा अधिकाऱ्याला म्हणाली.

त्याने आकडा लिहून घेतला. "म्हणजे रबर करपतंय. पस्तीसपर्यंत मी निवांत झोपलो असतो. दोनशेला दोन-तीन तासांत माणसाचं डोकं धरतं, पाय लटपटतात. चारशेच्या पुढे बोलायलाच नको. चौऱ्याण्णव म्हणजे..."

"म्हणजे काय?"

"म्हणजे आत्ता मरणार नाहीत. सिलिंडर राखून ठेवू. नळी चालू. दोनशेच्या वर गेलं की बंद. दर दहा मिनिटांनी आकडा द्या."

आता फक्त 'चालव' दाबायचं होतं. दोन वाजता सत्त्याण्णव. अडीचला एकशे दहा. ठमी एका कागदावर ठिपके काढत होती, आणि ठिपके चढत होते.

दोन-सेकंद साहेब तिच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. त्यांना काकूंनी सगळं सांगितलं होतं.

"ती नोटीस फक्त दिवेघराला गेली होती, की इतर ठिकाणीही?" त्यांनी विचारलं.

"साहेब," काकू वर न पाहता म्हणाल्या, "बचाव पथक सहा टॅबलेट घेऊन आत शिरणार आहे. त्या सहांवरही ते पान नाही. नोटिशीचं पंचनाम्यात बघू."

साहेब परत गेले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली आणि विचारलं, "मी काय करू?"

"मी ओळ वर नेतेय. तुम्ही तपासा आणि हो म्हणा. दुसरं कोणी हो म्हणू शकत नाही."

काकूंनी मधली ओळ पुसली आणि तुकड्याचं नाव फायलीच्या डोक्यावर, बाकीच्या नावांच्या रांगेत लिहिलं. एक ओळ गेली, एक ओळ आली. साहेबांनी ती दोनदा वाचली आणि मान हलवली. तीन वाजून नऊ मिनिटांनी नवी आवृत्ती दिवेघरातल्या सगळ्या टॅबलेटवर चढली. काकूंनी पथकाच्या माणसाला फोनवर सांगून सहाही टॅबलेटचं नेट बंद करायला लावलं आणि मग गॅसचं पान उघडायला लावलं. उघडलं. पहिलं पान यायला आता तीन पूर्णांक चार सेकंद लागत होते. साहेबांनी तो आकडा पाहिला. आतल्या सातव्या टॅबलेटसाठी मात्र हे वरातीमागून घोडं होतं.

तीनला एकशे अठ्ठावीस. साडेतीनला एकशे एकोणपन्नास.

"ठमे," मामा म्हणाले, "फोरमनला झोप येतेय. झोपू देऊ?"

"नको," सुरक्षा अधिकारी मधेच म्हणाला. "बोलतं ठेवा त्याला."

"त्याला बोलतं ठेवायला ड्रिलवाली पुरे आहे. ती मघापासून त्याच्या बायकोची बाजू घेऊन भांडतेय."

"मामा, आकडा दोनशेच्या वर गेला की नळीची चावी बंद करा आणि सिलिंडर उघडा. आमचा फोन असो वा नसो."

"माझ्या लक्षात आहे. तिसरा आकडा शून्य असेपर्यंत चौथा वाचायचा. दोनशेला बंद." मग ते म्हणाले, "तू सोपं करून सांगतेस. चांगलं सांगतेस."

ठमीने कागदावर पुढचा ठिपका काढला.

चार वाजून दहा मिनिटांनी एकशे बहात्तर. चार वाजून अठराला सुरक्षा अधिकारी म्हणाला की आणखी थोडं छत आलं, आणि त्यानंतर तारेच्या फोनवर खरखरही ऐकू आली नाही. त्याने चार वेळा कळ फिरवली. तार मेली होती.

काकूंनी गाडीची किल्ली उचलली. "चल."

पाच वाजून बावीस मिनिटांनी त्या बोगद्याच्या तोंडाशी पोचल्या. दिवेघराच्या बाकावर आई बसली होती, दोन्ही हात पिशवीवर. तिला कोणीतरी पाण्याचा ग्लास दिला होता आणि तो तसाच भरलेला होता. खिडकीच्या आतल्या बाजूला मामांची खुर्ची, पाठीला घरची उशी. शेजारच्या भिंतीवर ठमीची नोटीस, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी, अगदी सरळ लावलेली.

आईने विचारलं, "ते पान का उघडत नव्हतं म्हणे?"

"मामा रोज सकाळी उघडून ठेवायचा. मी बंद करायला लावलं."

"तू?"

"मी. त्याला विचारलं नाही. नोटीस काढली."

आईने भिंतीकडे पाहिलं. चष्मा नसताना तिला एवढं बारीक वाचता येत नाही, पण ती बराच वेळ तिकडे पाहत होती.

"घरी तर रोज समोरासमोर जेवता दोघं," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "डबा नेलाच नाही त्याने आज. ओट्यावर राहिला."

ठमी तिच्या शेजारी बसली. आईने हात पिशवीवरून काढला नाही, पण सरकून जागा केली.

सुरक्षा अधिकारी आत आला. चेहरा काजळीने काळा, आवाज बसलेला. त्याने दोघींना हवेच्या पंपाच्या शेडमध्ये नेलं. तिथे नळीवर दाब दाखवणारी एक घड्याळासारखी तबकडी होती.

"फोन गेल्यापासून माझ्याकडे एवढंच आहे," तो म्हणाला. "आतली चावी उघडी असेल तर हवा वाहते, काटा चारवर राहतो. आत कोणी चावी बंद केली की हवा तुंबते, काटा सहावर चढतो. चार वाजून एक्केचाळीस मिनिटांनी तो सहावर चढला."

"म्हणजे आकडा दोनशेच्या वर गेला," ठमी म्हणाली.

"आणि कोणीतरी तो वाचला आणि उठून चावी फिरवली. म्हणजे त्या वेळी शुद्धीवर होतं कोणीतरी."

आईने काट्याकडे पाहिलं. "तो सहावर असणं चांगलं का?"

"आत्ता चांगलं. सिलिंडर आठ वाजून एक्केचाळीसपर्यंत."

"आणि तुम्ही कधी पोचणार?"

त्याने ठमीकडे पाहिलं. "मोठा दगड आडवा आलाय. पावणेदहा."

ठमीने वजाबाकी केली आणि कोणाला सांगितली नाही. आई शेडच्या दारात उभी होती. तिनेही केली असावी. तीही मामांचीच बहीण.

त्या तिथेच थांबल्या. काकूंनी चहा आणला, तो निवला. पथकाच्या टॅबलेटवरचं गॅसचं पान ढिगापाशी व्यवस्थित चालत होतं, दर पाच मिनिटांनी आकडा येत होता. ते आकडे ढिगाच्या अलीकडचे होते.

सहा वाजून पाच मिनिटांनी काटा हलला. आधी साडेपाच, मग पाच, मग चारवर येऊन थांबला. आत कोणीतरी नळीची चावी पुन्हा उघडली होती, सिलिंडर संपायला अडीच तास बाकी असताना.

"का?" आईने विचारलं.

"दोन कारणं असू शकतात," सुरक्षा अधिकारी म्हणाला. "एक, ते पाळीपाळीने वापरतायत. थोडा वेळ सिलिंडर, थोडा वेळ नळी, म्हणजे सिलिंडर जास्त पुरावेत. मी तसं सांगितलेलं नाही, पण डोकं असलेला माणूस करेल."

"आणि दुसरं?"

"दुसरं, डोकं धरल्यावर माणसाला काय बंद केलं आणि काय उघडलं ते कळत नाही."

ठमीने तबकडीच्या काचेवर बोट ठेवलं. काच पंपाबरोबर बारीक थरथरत होती. ढिगाऱ्यात पथक अकरा मीटर आत गेलं होतं, सात उरले होते. पाळीपाळीने वापरत असतील तर काटा पुन्हा सहावर चढायला हवा होता. सहा वाजून चौतीस मिनिटांनी तो चारवरच होता.